पंखा कंपनीतल्या वाकळा

कुंदा प्रधान ही गोष्ट सांगायला बसली की आधी स्वतःच हसून घेते. ओढणीने चष्मा पुसते, पाणी पिते आणि मग एकदाचं कबूल करते, की शकु साळवेला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती तिला महापालिकेची इन्स्पेक्टर वाटली होती.

त्यात कुंदाची फार चूक होती असंही नाही. मुलुंडला कुठल्याही रिक्षावाल्याला ‘पंखा कंपनी’ म्हणा, तो मुकाट्याने मीटर टाकतो. छताचे पंखे बनवणारा तो कारखाना बंद पडून इतका काळ लोटला होता, की रंगकामाच्या खोलीच्या भिंतीतून पिंपळ बाहेर आला होता. शेजारच्या टॉवरमधल्या निवृत्त मंडळींनी मालकाच्या मागे लागून लागून तिथला मोठा हॉल आणि पुढचं आवार मागून घेतलं. भजन, नाटक, चित्रं, बुद्धिबळ, ज्याला कुठे जागा नाही त्याने इथे यावं, अशी कल्पना. समितीची सेक्रेटरी कोण, तर कुंदा. बाईची सगळी नोकरी विमा कंपनीत गेलेली, त्यामुळे कुठेही गेली तरी आधी काय जळेल, काय पडेल तेवढंच दिसतं. त्यातच कुणीतरी तिच्या कानात सोडून दिलेलं, की फायरवाले कधीही तपासणीला येतील.

अशा वेळी कडक इस्त्रीची साडी, गळ्यात दोरीला चष्मा आणि काखेत काळी पर्स अशी एक बाई न विचारता हॉलमध्ये शिरली, मधोमध उभी राहिली आणि तिने एक सणसणीत टाळी वाजवली. मान तिरकी करून ऐकलं. मग कोपऱ्यात जाऊन दुसरी टाळी. कुंदाने ओळखलं, तपासणी आली. टाळी वाजवून भिंतीची मजबुती बघायची काहीतरी नवी पद्धत निघाली असणार.

“काही त्रुटी आहे का, मॅडम?” तिने विचारलं.

“आहे ना. तीनदा परत येतो.”

“कोण?”

“आवाज.”

कुंदाला वाटलं, तीनदा म्हणजे दंड. “दोनदाच येतो, मॅडम. मी पण ऐकला.”

“तीनदा. तिसरा बारीक असतो, नीट ऐकावा लागतो.”

पुढे कुंदाने तिला आग विझवायची लाल नळकांडी दाखवली, वाळूच्या बादल्या दाखवल्या, बाहेर पडायचे दोन्ही दरवाजे उघडून दाखवले. खुर्ची पुसून दिली. चहा मागवला, सोबत पाहुण्यांसाठी ठेवलेल्या डब्यातली बिस्किटं. शकुने सगळं शांतपणे बघितलं, चार बिस्किटं खाल्ली आणि विचारलं, “बाथरूमला पाणी आहे का?”

“आहे मॅडम, चोवीस तास.”

“आणि रविवारची संध्याकाळ रिकामी आहे का? आमचं बायकांचं गाण्याचं मंडळ आहे.”

कुंदाचा कप हवेतच राहिला. “म्हणजे तुम्ही महापालिकेच्या नाही?”

“होते की. पालिकेच्या शाळेत शिपाई होते. आता रिटायर.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही म्हणालात बसा, मी बसले. बिस्किटं छान होती हां.”

ही शकु. शाळेत शिपाई असताना तपासणीला येणारे साहेब तिने इतके पाहिलेले, की तसं चालणं-बघणं तिच्या अंगातच भिनलं होतं. आवाजाचं तर बोलायलाच नको. घंटा बिघडली की हेडमास्तर तिलाच व्हरांड्यात उभी करायचे, आणि तिसऱ्या मजल्यावरची पोरं दप्तर भरायला घ्यायची. माहेर मानवतचं, परभणीकडचं. लग्न होऊन मुलुंडला आली ती इथलीच झाली.

आणि पंखा कंपनी तिला नवीन नव्हती. म्हणजे, अर्धी नव्हती. तिचा नवरा भीमराज इथे रंगखात्यात होता. सकाळची शाळा सुटली की शकु त्याचा डबा घेऊन कंपनीच्या गेटवर यायची. डबा गेटवर द्यायचा, कालचा रिकामा घ्यायचा आणि घरी जायचं. बायामाणसांना आत सोडत नसत. कंपनी बंद पडेपर्यंत ती त्या गेटवर उभी राहिली, पण आत काय आहे ते तिने कधी पाहिलं नाही. भीमराजला विचारलं तर तो म्हणायचा, “आत काय, पंखे.” मुळात तो माणूस चार शब्दांचा. कंपनी बंद झाल्यावर तेवढेही कमी केले, आणि त्या गेटमधून परत आत पाऊल टाकायचं नाही हे मनाशी ठरवून टाकलं.

शकुला मात्र आत यायचंच होतं, कारण तिच्याकडे दुसरी जागाच नव्हती. तिच्या मंडळात दहा-बारा बायका. जयंतीला, पावसाळ्यात वर्षावासाला, कुणाच्या घरी नामकरण असलं की भीमगीतं, बुद्धगीतं म्हणायच्या. पूर्वी विहारात सराव व्हायचा. विहार पाडून नवा बांधायला घेतला तो अजून खांबांवरच उभा होता. शकुच्या घरी बसायच्या तर नव्या बिल्डिंगच्या भिंती अशा, की इथे ढोलकी वाजली की पलीकडे टीव्हीवाला आवाज वाढवणार, मग ह्या आवाज चढवणार, मग सोसायटीची नोटीस. एकेक बाई गळायला लागली होती. ढोलकी वाजवणारी विमला स्पष्टच म्हणाली होती, “शकुताई, दिवाळीपर्यंत जागा बघ, नाहीतर मी ढोलकी भाचीला देऊन टाकते.” शकुने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून उभी केलेली गोष्ट एकच, ते मंडळ. ते हातातून चाललं होतं.

कुंदाने तिला रविवार संध्याकाळ दिली. बिस्किटांची लाज होतीच, पण तेवढंच नाही. रविवार संध्याकाळ कुणी घेतच नव्हतं. कुठलीच संध्याकाळ कुणी घेत नव्हतं. कारण तोच तो परत येणारा आवाज. हॉल लांबच्या लांब, वर पत्रे, बाजूला काँक्रीट. कुंदाचं भजनी मंडळ बसलं तर ‘विठ्ठल’ म्हटलेला भिंतीवरून परत येईपर्यंत ह्या पुढच्या ओळीवर, आणि सगळ्याचा काला. नाटकवाला यज्ञेश तिशीतला, दाढीवाला, जगातल्या सगळ्या गोष्टी आपल्याला माहीत आहेत असं मानणारा. त्याची नटमंडळी एकमेकांचे संवाद ऐकण्याऐवजी स्वतःचेच ऐकत बसायची. वर मालक चंद्रप्रकाशशेठनी सांगून ठेवलेलं. माणूस वाईट नाही, पण शेवटी धंदेवाला. ते म्हणाले, “कुंदाबेन, दिवाळीला मी येऊन बघणार. लोक येतात, जागा चालते, तर तुम्हालाच ठेवतो. नाहीतर ते ऑनलाइन सामानवाले गोडाऊनसाठी मागतातच आहेत.”

म्हणजे आवाज थांबला नाही तर हॉलमध्ये खोकी येणार होती, आणि शकुचं मंडळ भाचीच्या ढोलकीबरोबर संपणार होतं.

यावर पहिला उपाय यज्ञेशने काढला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की अंड्यांचे ट्रे भिंतीला लावले की आवाज घुमत नाही. भांडुपच्या अंडीवाल्याकडून टेम्पो भरून पुठ्ठ्याचे ट्रे आणले आणि त्याच्या नटमंडळींनी जाग्रण करून एक अख्खी भिंत मढवली. दुसऱ्या दिवशी भजनी मंडळ टाळ घेऊन आलं आणि दारातच थबकलं.

“हा वास कसला गं?” एकीने विचारलं.

“अंड्यांचा,” यज्ञेश अभिमानाने म्हणाला. “म्हणजे अंडी नाहीत, काकू. फक्त ट्रे.”

काकू आत आल्या नाहीत. नेमके त्याच दिवशी चंद्रप्रकाशशेठ सहज डोकावले. त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नाही. ते भिंतीकडे बघत राहिले, मग खिशातला रुमाल काढून नाकाला लावला आणि गाडीत जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत भिंतीवर मुंग्यांची रांग लागली.

शकु सगळा तमाशा बघून यज्ञेशला म्हणाली, “एवढे ट्रे आणलेस, अंडी कुणी खाल्ली? आम्हाला ऑम्लेटसुद्धा नाही?”

“शकुताई, प्लीज यार.”

“नाही, विचारते. आणि आवाज?” तिने टाळी वाजवली. “तीन.”

“दोन,” कुंदा लांबून म्हणाली.

ट्रे निघाले. भिंतीवर गोंदाचे ठिपके तेवढे राहिले, ते आजही आहेत.

शकुच्या बायका तोवर रविवारी येतच होत्या. परत येणाऱ्या आवाजाशी भांडत भांडत गायच्या. शकुने त्याच्यावरही मात करायची म्हणून प्रत्येक ओळीनंतर थांबायचं ठरवलं, म्हणजे भिंतीला तिचं म्हणून झालं की मग पुढे. एका गाण्याला अख्खी संध्याकाळ लागायची. दुसरी अडचण फरशीची. कितीही घासली तरी जुनं मशीनचं तेल वर यायचं आणि साड्यांना डाग पडायचे. मग बायकांनी घरून वाकळा आणल्या. कुंदा त्यांना गोधड्या म्हणते, शकु वाकळ. जुन्या लुगड्यांचे थर, वर हाताने घातलेले दाट टाके, वजन असं की एकटीने उचलवत नाही.

महिन्याभरात वाकळाही तेलकट झाल्या. एका रविवारी सकाळीच येऊन बायकांनी आवारातल्या नळावर त्या धोपटून धुतल्या. ओली वाकळ म्हणजे मेलेली म्हैस. बाहेर बांधलेली दोरी पहिल्या वाकळीलाच तुटली. हॉलमध्ये चारी भिंतींच्या कडेने एक लोखंडी दांडा फिरवलेला होता. रंग दिलेली पंख्यांची पाती तिथे वाळत टांगायचे, हे शकुला भीमराजकडून माहीत होतं. पंखे सोडून त्याने आतलं सांगितलेलं तेवढंच. सगळ्या वाकळा त्या दांड्यावर चढवल्या आणि त्या निथळत असताना संध्याकाळी खाली प्लास्टिक अंथरून बायका गायला बसल्या.

पहिली ओळ झाली. सवयीने थांबल्या. काहीच आलं नाही.

विमलाने ढोलकीवर थाप मारली. थाप एकदाच वाजली, स्वच्छ. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुढची ओळ घेतली, मग त्याच्या पुढची, आणि गाणं न थांबता शेवटपर्यंत गेलं. कुंदा ऑफिसच्या खोलीतून बाहेर आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. आपण इतके दिवस यांचा फक्त गोंगाटच ऐकला, गाणं आज ऐकतोय, असं तिला वाटलं. बोलली नाही. बोलली असती तर शकुने ते वर्षभर ऐकवलं असतं.

“बघितलंस?” गाणं संपल्यावर शकु म्हणाली. “रियाज केला की भिंतसुद्धा गप्प बसते.”

तेवढ्यात यज्ञेश त्याच्या तालमीसाठी आला. त्याने दोन टाळ्या वाजवल्या, वाकळांकडे पाहिलं आणि म्हणाला, “शकुताई, रियाज नाही. हे त्या गोधड्यांचं काम आहे.”

“म्हणजे आमच्या गाण्याचं काहीच नाही?”

“तसं नाही म्हणत...”

“मग कसं म्हणतोस?”

भांडण मिटवायला त्यांनी वाकळा उतरवल्या आणि बायकांनी तीच ओळ परत म्हटली. भिंतीने ती इमानदारीत परत दिली. शकुने एक वाकळ चाचपून पाहिली. मग पर्समधून तपकिरीची डबी काढावी तशी सुपारीची डबी काढली, एक खांड तोंडात टाकलं. “ठीक आहे. अर्धं वाकळीचं. अर्धं आमचं.”

आहेत त्या वाकळा खाली अंथरायला हव्यात, म्हणजे भिंती कायमच्या झाकायच्या तर नव्या लागणार ढीगभर. कुंदाने टॉवरच्या ग्रुपवर जुन्या साड्या मागितल्या, आणि साड्यांचा पाऊस पडला. नारायणपेठ, सिल्क, लग्नात आलेल्या आणि कधीच न नेसलेल्या, एक तर चक्क टिकल्यांची. कुंदाने गाठोडी शकुसमोर मांडली. “तुमच्या बायकांना येतं ना शिवायला. दिवाळीच्या आत होईल?”

शकुने एका साडीचा पोत बोटांनी बघितला. “होईल. पण साड्या तुमच्या आणि बोटं आमची, असं नाही चालायचं. ज्याने साडी दिली त्याने सुई धरायची. ज्याला इथे जागा पाहिजे त्याने पण.”

“मला टाका येत नाही गं.” तोपर्यंत दोघी तू-तूवर आल्या होत्या.

“मला तरी मराठी टायपिंग कुठे येतं. शिक.”

मग ज्याची त्याची वेळ असेल तेव्हा त्याने आधी शिवायचं, मग आपलं काम करायचं, असं ठरलं. यज्ञेशचे नट संवाद पाठ करता करता टाके घालायचे आणि दुःखी प्रसंगात टाके मोठे पडायचे. बुद्धिबळवाले आजोबा प्रत्येक टाक्याआधी विचार करायचे. भजनी मंडळाच्या दिवशी शकु शिकवायला आली तेव्हा गोल करून बसलेल्या बायकांतून एकीने हळूच विचारलं, “सगळ्यांच्या साड्या एकत्रच शिवायच्या का?”

शकुच्या हातातली सुई थांबली नाही. “कुणाची साडी कुणाच्या साडीला लागलेली चालते, ते तुम्ही ठरवून सांगा. तोपर्यंत मी दोरा ओवते.”

कुणी काही ठरवलं नाही. कुंदाने पुढे होऊन स्वतःची बँगलोर सिल्क विमलाच्या जुन्या लुगड्यावर पसरली आणि पहिला टाका घातला. तो इतका वाकडा आला की सगळ्या हसल्या, विचारणारीसुद्धा. शकुने तो उसवला नाही. “राहू दे,” म्हणाली, “रेल्वेचे रूळ सांधा बदलतात तसा दिसतो.”

दिवाळीच्या आधी भिंती झाकून झाल्या. चंद्रप्रकाशशेठ आले तो रविवार होता, शकुच्या मंडळाचा. तिने चेहरा ठेवला तो तपासणीला आलेल्या साहेबाचा. शेठ मागच्या खुर्चीत बसले. वास घेऊन बघितला, साबणाचा होता. बायका गायल्या. ओळीमागून ओळ जात राहिली, भिंतींनी एकही परत पाठवली नाही. त्यानंतर भजनी मंडळाने दोन अभंग म्हटले, आणि एका अभंगात विमलाच्या ढोलकीने न विचारता साथ धरली. कुंदाला वाटलं, आता काकू रागावणार. काकू मान डोलवत होत्या.

शेठ उठले, भिंतीजवळ गेले आणि एका वाकळीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

“ही टिकल्यांची साडी आमच्या घरातली आहे ना?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या सूनबाईंनी दिली,” कुंदा म्हणाली.

“मला वाटलं हरवली.” ते जरा हसले. “चालू द्या. गोडाऊनवाल्यांना मी दुसरीकडे बघायला सांगतो.”

कुंदाने शकुकडे बघितलं, तर शकु जागेवर नव्हती. ती गेटकडे निघाली होती. गेटच्या बाहेर भीमराज उभा होता, हातात स्टीलचा डबा. संध्याकाळी गाऊन भूक लागेल म्हणून भाजी-भाकरी घेऊन आला होता.

“आत ये की,” शकु म्हणाली. “आता सोडतात.”

“नको.” त्याने गजांतून डबा दिला. मग आत हॉलच्या उघड्या दरवाजाकडे बघत म्हणाला, “दांड्यावर टांगलंय का?”

“हो. तुझ्याच.”

“पेलेल. मजबूत आहे.” एवढं बोलून तो गेला. पुढच्या रविवारी परत आला, आणि त्याच्या पुढच्याही. तीन-चार महिन्यांनी शकु गाण्यात रंगली होती आणि डबा न्यायला कुणीच आलं नाही, तेव्हा तो स्वतः आत आला, डबा खुर्चीवर ठेवला आणि दांड्याचा एक ढिला बोल्ट बघत उभा राहिला. बायका गात राहिल्या. शकुने सगळ्यांना डोळ्यांनीच दटावून ठेवलं होतं.

आता यातलं शेवटचं. या मे महिन्यात वाकळा धुवायला काढल्या. सगळ्या आवारात उन्हात पसरल्या होत्या, हॉल उघडानागडा. कुंदा आणि शकु आत खुर्च्या टाकून चहाची वाट बघत होत्या. शकुने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि टाळी वाजवली.

“तीन,” ती म्हणाली.

“दोन. अजून तेच धरून बसलीस?”

“तू ऐकत नाहीस. दुसरा झाला की तू बोलायला लागतेस.”

“बरं, वाजव. बोलत नाही.”

टाळी वाजली. एक. दोन. आणि खूप लांबून, पिंपळाच्या बाजूने, काहीतरी बारीक.

“ते कबूतर होतं,” कुंदा म्हणाली.

शकु उठली. पदर खोचून तिने खिडकीतलं कबूतर हाकललं, परत आली, टाळी वाजवली. एक, दोन, आणि ते बारीक.

कुंदाने चष्मा काढून पुसला. विम्यातल्या बाईला हरलेला दावा कबूल करणं जड जातं. “असेल,” ती पुटपुटली.

“असेल नाही. किती?”

“तीन.”

“मला नाही, भिंतीला सांग. मोठ्याने.”

कुंदाने आजूबाजूला कुणी नाही ना हे बघितलं, घसा साफ केला आणि हॉलच्या त्या टोकाकडे तोंड करून म्हणाली, “तीन.”

तीन, म्हणाली समोरची भिंत. तीन, म्हणाली मागची. आणि कुंदाने श्वास धरून ठेवला होता तेवढ्यात तिसरंही आलं, बारीक पण स्पष्ट.

“मोजलंस?” शकु म्हणाली आणि खुर्चीत मागे रेलली. “जा आता, चहाबरोबर ती पाहुण्यांची बिस्किटं आण.”